ठेवणीतलं पाणी

बरणीतली चरबी तिरकी थिजली होती.

मोठीने बरणी खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. एरवी चरबीचा पांढरा थर वर सपाट बसलेला असायचा, बोटभर जाड. आज तो एका बाजूने वर चढला होता आणि दुसऱ्या बाजूने काचेला धरून पार तळापर्यंत उतरला होता. कप्प्यात बरणी आडवी पडली असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. आडवी पडली तरी बर्फ जागचा कसा हलेल, हे मात्र तिने स्वतःला विचारलं नाही. सकाळचे साडेआठ वाजले होते, पातेल्यात हाडं चढली होती आणि दुपारी सोळा माणसं जेवायला होती. तिने बरणी कोमट पाण्यात धरली. आतला गोळा सुटला आणि पातेल्यात पडला.

मोठी म्हणजे या घरची थोरली सून. तोंडावर कुणी वहिनी म्हणे, कुणी ताई, कुणी काकू, पण माघारी सगळ्यांची ती मोठीच. दर रविवारी तिन्ही भावांची बिऱ्हाडं या घरी जेवायला जमत आणि जेवण म्हणजे तिचं सूप. हाडं, कांदे, गाजरं, बटाटे, कोबी, घेवड्याचे दाणे, मूठभर जव, लसूण आणि मिरी. एक वाडगा प्यायला की माणूस संध्याकाळपर्यंत अन्नाचं नाव काढत नसे.

हे सूप या घरात कधी पहिल्यापासून होत नसे. हाडांचं पाणी उकळून झालं की भाज्या घालायच्या आधी त्यातलं बरणीभर काढून बर्फाच्या कप्प्यात ठेवायचं आणि पुढच्या वेळी ते नव्या पाण्यात घालायचं. सासूबाईंनी सुरू केलं होतं. त्याला सगळे 'ठेवणीतलं' म्हणत. एकतीस वर्षांत एकदाही खंड पडला नव्हता. "माझ्या लग्नातला एखादा थेंब अजून असेल बघा यात," असं मधला दीर दर दोन-तीन महिन्यांनी म्हणायचा आणि प्रत्येक वेळी आपल्याला हे आत्ताच सुचलं अशा थाटात म्हणायचा.

सासूबाईंचा दुसरा नियम असा, की सूप करताना चाखायचं नाही. "चाखत बसलीस तर पोट भरेल आणि जीभ मरेल. वाफ घे. काय कमी आहे ते वाफेवर कळतं." मोठीला ते असं काही साधलं, की दोन वर्षांत खुद्द सासूबाई तिला विचारू लागल्या. ती दारातून आत येता येता सांगायची, मिरी राहिली. दूध नासायच्या आदल्या दिवशी सांगायची, उद्या नासेल. खाटकाने पुडा बांधून हातात दिला तर न सोडताच परत करायची, "हे कालचं आहे." तो बिचारा तिला इन्स्पेक्टरीणबाई म्हणायचा आणि ती येताना दिसली की ताजं वर काढून ठेवायचा.

आता तिला कशाचाच वास येत नव्हता.

चार महिन्यांपूर्वी एक ताप येऊन गेला. ताप गेला, खोकला गेला, वास परत आला नाही. येईल आज-उद्या, म्हणून ती गप्प राहिली. मग गप्प राहण्याची सवय झाली. लसूण आता ती रंगावर भाजे, मीठ चमच्याने मोजून घाली. दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी ती काडेपेटी हातात घेऊन शेगडीपुढे उभी होती, काडी ओढणार इतक्यात समोरच्या खिडकीतून शेजारीण ओरडली, "अहो, गॅस सुटलाय तुमचा! इथपर्यंत वास येतोय!" बटण अर्धं उघडं राहिलं होतं. मोठीने हसून खिडक्या उघडल्या, मग मोरीत जाऊन कडी लावून बसली. तेव्हाही तिने कुणाला सांगितलं नाही.

का सांगितलं नाही, हे विचारणं सोपं आहे. धाकटी जाऊ नर्स होती. मधली शिवणाचा क्लास चालवायची, तिच्याकडे चाळीस मुली शिकायला येत. मोठी दहावी नापास. तिच्याकडे नाक होतं. त्या नाकामुळे घरातली कर्ती माणसं स्वयंपाकघरात येताना आवाज खाली करत. ते गेलं हे सांगायचं म्हणजे आपण आता कुणी नाही हे स्वतःच्या तोंडाने सांगायचं. तेवढं बळ तिच्यात नव्हतं.

आणि आजचा दिवस तर साधा रविवार नव्हता. सासरे काल संध्याकाळी इस्पितळातून घरी आले होते. आतड्याला पीळ पडला होता, पोट फाडावं लागलं, तीन आठवडे गेले. शेवटचे पाच दिवस मोठी त्यांच्या उशाशी होती. निघताना डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाले होते, "सूप चालेल. पण ताजं आणि स्वच्छ. आतले टाके अजून कच्चे आहेत. या वयात पोटाला काही झालं तर दुसऱ्यांदा आम्ही त्यांना टेबलावर घेऊ शकणार नाही. समजलं ना?" तिला समजलं होतं. बाबा मात्र टॅक्सीत बसल्यापासून एकच धोशा लावून होते, "सूनबाई, उद्या तुझ्या हातचं."

दहाच्या सुमाराला चिंगी आली. मधल्याची मुलगी, आठ वर्षांची, मागच्या गल्लीतून धावत.

"ये गं ये. परीक्षा द्यायची का?" मोठीने विचारलं.

ही परीक्षा मोठीने चार महिन्यांपूर्वी काढली होती. चिंगीला स्टुलावर उभं करायचं, डोळे मिटायला लावायचे आणि वाफेत काय काय आहे ते ओळखायला सांगायचं. चिंगीला वाटे हा खेळ आहे.

चिंगीने मान पुढे काढली. "लसूण. मिरी. कोबी. आणि... रंग."

"रंग?"

"भिंतीला लावतात तो."

"तो तुझ्या बापाचा वास. त्याच्याच मांडीवर बसून आली असशील." मधला दीर रंगारी होता, त्याच्या अंगाला तो वास असायचाच. मोठीने दोन मिरीदाणे जास्त टाकले आणि चिंगीला गाजराचा तुकडा देऊन पळवलं. पण मनात काहीतरी टोचत राहिलं. डाव फिरवता फिरवता तिची नजर दोनदा त्या रिकाम्या बरणीकडे गेली. बरणी मोरीत पडली होती, अजून धुतली नव्हती; आजचं ठेवणीतलं तिने दुसऱ्या बरणीत काढलं होतं.

बाराला धाकटी आली, रात्रपाळीनंतर घरी दोन तास झोपून. दारातच म्हणाली, "बाई गं, केवढा रंगाचा वास! ताई, तुमचं डोकं नाही उठलं?"

"उठलंय ना," मोठी म्हणाली.

तिने सगळीकडे पाहिलं. भिंती होत्या तशाच होत्या. कुठे नवा रंग दिसेना. आपल्या घरात काहीतरी झालंय, ते आठ वर्षांच्या पोरीलाही कळतंय आणि आपल्याला कळत नाही, एवढं तिला समजलं. विचारायची सोय नव्हती. वास तर मघाशीच तिने मान्य केला होता.

एक वाजता पंगत बसली. बाहेरच्या खोलीत दोन टेबलं जोडली होती, तरी पोरांना पलंगावर बसवावं लागलं. बाबा मधोमध, पाठीला उशी, शर्टाच्या गळ्यात दोन माणसं मावतील इतके वाळलेले. त्यांच्या शेजारी मोठीची सून, आठवा महिना, टेबलापासून हातभर लांब बसलेली. पहिला चमचा घरातल्या थोरल्याने घ्यायचा आणि मग बाकीच्यांनी, अशी या घरची रीत होती, म्हणून सगळे चमचे हातात धरून थांबले होते. मोठी वाढत होती. पंधरा वाडगे झाले. सोळावा तिचा.

"वास काय सुटलाय!" मोठीचा मुलगा म्हणाला.

"सूप नंतर," मधला उभा राहिला. "आधी मला एक सांगायचंय. बाबांच्या पहिल्या जेवणाला माझ्याकडून भेट. बाबा, फ्रिजमागची ओल आठवते? वर्षभर माझ्या नावाने बोटं मोडत होतात ना, रंगाऱ्याच्या घरात भिंत सडतेय म्हणून? झाली. गुरुवारी फ्रिज ओढला, खरवडलं, लिंपलं, दोन हात मारले. शनिवारी सकाळी फ्रिज होता तिथे. मागे जाऊन बघा, आरसा केलाय."

सगळे हसले. बाबांनी मान डोलावली.

मोठीच्या हातात डाव तसाच राहिला. "फ्रिज चालू होता ना?"

"चालू कसा असेल वहिनी? वायरच पोचत नव्हती. दीड दिवस आडवा होता दाराशी."

"तुम्ही मला बोलला नाहीत," ती नवऱ्याकडे वळून म्हणाली.

नवरा लेथवर काम करायचा आणि घरी आल्यावर बोलणं म्हणजे ओव्हरटाइम समजायचा. तो गोंधळला. "अगं, सांगायचं काय त्यात? एवढा वास येतोय घरात. मला वाटलं, पाऊल टाकताच तुला कळलं असेल."

खरंच होतं ते. या घरात स्वयंपाकघरातलं काहीही मोठीला कुणी सांगत नसे. तिला कळतं, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तिरकी चरबी डोळ्यांपुढे आली. दीड दिवस बरणी वितळून आडवी पडली होती, या उकाड्यात, आणि मग पुन्हा थिजली होती.

ती धाकटीच्या खुर्चीमागे गेली आणि वाकून हळूच म्हणाली, "एक विचारू? एखादी वस्तू खराब झालेली असली, पण तीन-चार तास चांगली रटरटवली, तर काही राहत नाही ना?"

"जंतू मरतात," धाकटी पाव मोडत म्हणाली. "पण त्यांनी आधी करून ठेवलेलं विष सगळं जात नाही. मागच्या महिन्यात एक घरच्या घर आलं होतं आमच्याकडे, उकळूनच खाल्लं होतं त्यांनी. म्हातारी गेली." मग तिने मान वळवली. "का हो ताई?"

टेबलाच्या मधोमध बाबांनी चमचा भरला होता. हात थरथरत होता, चमच्यातून थेंब परत वाडग्यात पडत होते. ते ओठ पुढे काढून फुंकर घालत होते.

"थांबा बाबा."

बाबा थांबले.

"मीठ जास्त झालंय," मोठी म्हणाली.

"असू दे. तीन आठवडे मिठाचं तोंड पाहिलं नाही मी."

"नको बाबा."

"बघू," म्हणत धाकटीने आपला चमचा उचलला.

"हात लावू नकोस!"

मोठीचा हा आवाज घरात कुणी ऐकलेला नव्हता. चिंगीच्या हातातला चमचा खाली पडला. मोठी पुढे झाली, तिने बाबांच्या बोटांतून चमचा काढून घेतला, मग सुनेपुढचा वाडगा उचलला.

"कुणी तोंडाला लावायचं नाही. ठेवणीतलं खराब झालंय. दीड दिवस वितळून पडलं होतं ते, आणि मी घातलंय."

"काहीतरीच काय वहिनी," मधला म्हणाला, त्याचं तोंड उतरलं होतं. "खराब असतं तर घालतानाच कळलं नसतं का तुम्हाला? तुम्हाला?"

सर्दी झालीय, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. ते शब्द तिच्या जिभेवर आलेही होते. सर्दी कुणालाही होते, सर्दीवर कुणी संशय घेत नाही. पण सर्दी आठ दिवसांत जाते. पुढच्या रविवारी पुन्हा हेच पातेलं, हेच वाडगे आणि त्यापुढच्या महिन्यात घरात तान्हं मूल. तिने सुनेच्या पोटाकडे पाहिलं.

"मला वास येत नाही," मोठी म्हणाली. "कशाचाच. चार महिने झाले."

धाकटी उठली, सरळ मोरीत गेली आणि ती न धुतलेली बरणी नाकाशी नेली. इस्पितळात काय काय पाहिलेली बाई, तिने तोंड फिरवलं आणि बरणी हातभर लांब धरली. "शी! ताई, हे... हे कुणालाही कळलं असतं हो."

ते तिने दुष्टपणे म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

"चार महिने म्हणजे," मधली बोटांवर मोजत, कुणाकडे न बघता म्हणाली, "बाबांचं पोट बिघडायच्या आधीपासून."

"पीळ पडला होता त्यांना," धाकटी दारातून म्हणाली. "त्याचा खाण्याशी काही संबंध नसतो."

"नसतोच का?"

"बहुतेक नसतो."

बहुतेक. मोठी तो शब्द ऐकून तशीच उभी राहिली. तीन आठवड्यांपूर्वी काय काय रांधलं होतं ते ती मनात एकेक करून आठवू लागली आणि एकाही पदार्थाबद्दल तिला शपथ घेता येईना. दूध? मांस? तिचा जीव तीळ तीळ तुटत होता आणि हातात सुनेचा वाडगा गार होत चालला होता.

"मला तरी सांगायचंस," नवरा म्हणाला. एवढंच. पण तो तिच्याकडे परक्या बाईकडे बघावं तसा बघत होता.

वातावरण हलकं करावं म्हणून मधला म्हणाला, "चला, इन्स्पेक्टरीणबाई रिटायर झाल्या." कुणी हसलं नाही.

शेवटी बाबाच बोलले. "पोरांनो, पातेलं उचला. सूनबाई, मला भूक लागलीय. दुसरं टाक."

"मी?"

"मग कोण? या घरात दुसऱ्या कुणाला येतं?"

पंधरा वाडगे परत पातेल्यात ओतले, सकाळी काढलेलं ठेवणीतलंही ओतलं. नवरा आणि मुलगा दोन बाजूंनी पातेलं धरून मागच्या अंगणात घेऊन गेले. तिथल्या गटाराच्या जाळीवर बटाटे आणि घेवड्याचे दाणे साचले, मुलाने ते काठीने ढकलले. पोरांना कोरडा पाव दिला. वाडगे, चमचे, डाव, बरणी, सगळं मोठीने सोड्याच्या गरम पाण्यातून दोनदा काढलं. खाटकाकडे मधला धावत गेला आणि आणलेला पुडा त्याने मोठीच्या हातात न देता धाकटीच्या हातात दिला. चूक लक्षात येऊन तो चाचरला. मोठी म्हणाली, "बरोबर केलंत."

नवं पातेलं चढलं. नुसतं नळाचं पाणी आणि हाडं. धाकटी शेगडीपाशी उभी राहिली आणि मोठीला सांगत राहिली. फेस गेला. लसणाचा वास सुटला. मिरी जरा कमी वाटते. आता? आता ठीक. शेजारी खेटून चिंगी उभी होती, पण मोठीने आज तिला स्टुलावर चढवलं नाही. मोठीचे हात सगळं बिनचूक करत होते, कांदा चिरत होते, जव निवडत होते, आणि तरी आपल्याच घराची बातमी दुसऱ्याकडून ऐकावी तसं तिला वाटत होतं. रडू येत होतं, पण सोळा माणसं उपाशी होती.

भाज्या घालायच्या वेळी धाकटीने धुतलेली बरणी पुढे केली. "ठेवणीतलं काढायचं ना?"

"नको."

"अहो, पण एकतीस वर्षं..."

"नको गं. संपलं ते."

साडेतीन वाजता पुन्हा पंगत बसली. पोरं पेंगुळली होती, मोठी माणसं भुकेने चिडचिडी झाली होती, पण बोलण्यात सगळे जपून होते. एकाने वाडगे पुसले, एकाने पाव कापला. "ताई, बसा ना, मी वाढते," धाकटी म्हणाली. मोठीने मान हलवली आणि डाव हातात घेतला. बाबांना पातळ, वरवरचं. सुनेला गाजरं जास्त. नवऱ्याला हाडाचा तुकडा. कुणाला काय लागतं ते तिला पाठ होतं.

वाढून झाल्यावर ती भिंतीला टेकून उभी राहिली.

बाबांनी चमचा भरला. तो तोंडाशी नेला आणि तिथे क्षणभर धरला. त्यांच्या नाकपुड्या किंचित हलल्या. मग त्यांनी तो तोंडात घातला आणि म्हणाले, "छान." पाठोपाठ मुलाने वाडग्यावर मान खाली घातली, फुंकर घालतोय असं दाखवत. मधलीने घातली. नवऱ्याने घातली, तिची नजर चुकवून. सुनेने पोटावर एक हात ठेवून चमचा नाकाखाली दोनदा फिरवला. शेगडीपाशी वास सांगत उभ्या राहिलेल्या धाकटीचीही मान खाली गेली. पलंगावर चिंगीने आपला वाडगा दोन्ही हातांत धरून वर उचलला, नाक त्यात बुडेल इतक्या जवळ नेलं आणि मोठ्यांदा हुंगलं. तिला अजून लपवता येत नव्हतं.

"चांगलं आहे काकू," ती म्हणाली.

"खा मग," मोठी म्हणाली.

सगळ्यांचे चमचे सुरू झाले, सगळ्यांनी तोंड भरून वाखाणलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच. तिने कुणाला पाव दिला, कुणाला दुसऱ्यांदा वाढलं. सगळ्यांचं होत आलं तेव्हा तिने पातेल्यातलं उरलेलं आपल्या वाडग्यात घेतलं, टेबलाच्या टोकाला एक खुर्ची मोकळी झाली होती तिथे बसली आणि मान ताठ ठेवून पहिला चमचा सरळ तोंडात घातला.